दाव्यात उशिरा आलेला कागद

वाटपाचा दावा असो, वहिवाटीच्या रस्त्याचा असो की साठेखत पुरे करून मागण्याचा, दिवाणी न्यायालयात शेवटी कागदच बोलतात. बांध पूर्वी कुठे होता हे दोन्हीकडचे साक्षीदार आपापल्या सोयीने सांगतात. मोजणीचा नकाशा, फेरफाराचा उतारा किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र मात्र वाद पेटण्याआधीच लिहून झालेले असते, आणि म्हणून त्याचे वजन वेगळे. पण हा कागद दाव्याबरोबर न येता वादीची उलटतपासणी संपल्यावर, किंवा युक्तिवादाच्या तोंडावर आला, तर न्यायालयाने काय करावे? घेतला तर समोरच्याने आखलेला सगळा बचाव नव्याने मांडावा लागतो; नाकारला तर खरी गोष्ट समोर दिसत असताना डोळे मिटून निकाल द्यावा लागतो. माझ्या मते या पेचात उशीर किती झाला हा प्रश्न दुय्यम आहे. कागद इतके दिवस कोणाच्या ताब्यात होता आणि आता तो आल्याने समोरच्याचे भरून न येणारे नुकसान होते का, हे दोन प्रश्न मुख्य आहेत. आपला कायदा या प्रश्नांच्या अगदी जवळ येऊन थांबला आहे आणि त्यांची उत्तरे प्रत्येक न्यायाधीशाच्या मर्जीवर सोपवून मोकळा झाला आहे.

कायद्याची चौकट वरवर साधी दिसते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ७ नियम १४ वादीला सांगतो की, ज्या कागदांवर तू भिस्त ठेवतोस ते दाव्यासोबत दाखल कर. आदेश ८ नियम १अ प्रतिवादीला कैफियतीच्या वेळी तेच सांगतो. मूळ प्रती मुद्दे निश्चित होईपर्यंत याव्यात, असे आदेश १३ म्हणतो. जो कागद वेळेवर आला नाही, तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुराव्यात घेता येत नाही. मात्र ही परवानगी कशाच्या आधारावर द्यायची, हे आजच्या मजकुरात सापडत नाही. पूर्वी ते होते. आदेश १३ नियम २ सबळ कारण मागत असे आणि कागद स्वीकारणाऱ्या न्यायालयाने कारणे लिहून ठेवावीत असेही बजावत असे. १९७६ च्या दुरुस्तीने आलेला आदेश १८ नियम १७अ विचारत असे की, योग्य ती तत्परता दाखवूनही हा पुरावा आधी मिळण्यासारखा नव्हता का. १९९९ च्या दुरुस्तीने या दोन्ही तरतुदी गाळल्या आणि १ जुलै २००२ पासून त्या गेल्या. हेतू दिरंगाईला लगाम घालण्याचा होता. पुढे सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नियम १७अ गेला तरी असा पुरावा घेण्याचा न्यायालयाचा अधिकार संपलेला नाही. थोडक्यात अधिकार राहिला आणि तो कसा वापरायचा याची लेखी कसोटी गेली. दुरुस्तीने साधले ते या हेतूच्या उलट: दार बंद झाले नाही, दारावरचा पहारा तेवढा उठला.

कसोटी नसली की सवय तिची जागा घेते. उशिरा कागद दाखल करण्याच्या अर्जावर विरुद्ध बाजूचे म्हणणे येते आणि मग आदेश बहुधा दोनपैकी एका वळणाने जातो. न्याय हे साध्य, प्रक्रिया हे साधन, म्हणून अर्ज किरकोळ खर्चासह मंजूर. किंवा पुरावा बंद झाला, तो संपल्याची लेखी पुरसीस दिली गेली, अर्ज केवळ वेळकाढूपणाचा, म्हणून नामंजूर. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी असू शकतात. दोन्हींत समोरच्या त्या विशिष्ट कागदाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. खरेदीखत १९८५ चे असून ते अर्जदाराच्याच पेटीत होते का, की गेल्या महिन्यात तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल मिळाली? ते नोंदणीकृत आहे की साध्या कागदावरची पावती? हे न विचारता दिलेला होकार आणि न विचारता दिलेला नकार सारखेच अन्यायाचे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल नीट वाचले तर ताब्याचा आणि नुकसानीचा हा धागा त्यांत दिसतो. २०२० साली तामिळनाडूतून आलेल्या एका प्रकरणात प्रतिवादींनी सांगितले की कागद गहाळ होते आणि नंतर सापडले. खालच्या न्यायालयांनी ते नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घ्यायला लावले, कारण उशिराचे कारण पटण्याजोगे होते आणि प्रक्रियेतल्या चुकीने समोरच्याचे गंभीर नुकसान होत नव्हते. २०११ च्या एका निकालात करारपूर्तीच्या दाव्यात युक्तिवाद सुरू असताना संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची सीडी पुढे आली होती. तो अर्ज न तपासता फेटाळणे चूक, असे न्यायालयाने म्हटले. पण अर्ज खोडसाळ निघाला तर जबर खर्च बसवावा, हेही तिथेच सांगितले. अपिलात मात्र सूर कडक होतो. आदेश ४१ नियम २७ खाली नवा पुरावा द्यायचा तर तो पूर्वी तत्परतेनेही मिळण्यासारखा नव्हता असे दाखवावे लागते, किंवा निकाल देण्यासाठी न्यायालयालाच त्याची गरज वाटावी लागते. वकिलाची चूक किंवा पक्षकाराचा निष्काळजीपणा ही सबब चालत नाही, हे २०१२ साली ठामपणे सांगितले गेले. ही चढती कडकपणाची रेषा मला योग्य वाटते. जसजसा निकाल जवळ येतो आणि मग लागूनही जातो, तसतसा समोरच्याचा आधीच नोंदल्या गेलेल्या पुराव्यावर विसंबण्याचा हक्क बळकट होतो.

ताब्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजायला उलट बाजूचे निकाल पाहावेत, जिथे कागद आलाच नाही. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याशी संबंधित वादात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्याच्या हाती उत्तम पुरावा आहे त्याने तो दडवला, तर सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसली तरी त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते. १९९३ च्या एका निकालात न्यायालय त्याही पुढे गेले. वाटपाचा दावा लावणाऱ्याने स्वतःच लिहून दिलेले हक्कसोडपत्र न्यायालयापासून लपवले होते. उच्च न्यायालयाला त्यात फसवणूक दिसली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने असे लपवणे म्हणजे न्यायालयाचीच फसवणूक ठरवून हुकूमनामा निरर्थक मानला. ज्याच्या ताब्यात कागद आहे त्याच्यावर तो पुढे आणण्याचे कर्तव्य एवढे मोठे असेल, तर त्यानेच तो डावपेच म्हणून मुद्दाम उशिरा आणला, तर त्याच्याकडे संशयानेच पाहायला हवे. उलट ज्याच्या ताब्यात कागद कधी नव्हताच, त्याला तारखांचा हिशेब विचारणे क्रूरपणाचे आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा दुसरा माणूस फार मोठ्या संख्येने भेटतो. जमिनीच्या वादातले निर्णायक कागद त्याच्या घरी नसतात. ते तलाठी दप्तरात, भूमी अभिलेख कार्यालयात, दुय्यम निबंधकाकडे असतात. जुना फेरफार मोडीत असतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेल्याने तो वाचून देणारा जाणकार शोधण्यापासून कामाला सुरुवात होते. गोव्यात पोर्तुगीज अमलातल्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत आणि त्यांच्या भाषांतराशिवाय पाऊल पुढे पडत नाही. सरकारी कार्यालय अडवून बसले तर काय होते याचा ठळक दाखला जालन्याच्या निवडणूक अर्जात मिळतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले आणि कैलास गोरंट्याल यांनी ती निवड आव्हानित केली. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद होता, आणि निवडणूक कार्यालयाच्याच कॅमेऱ्यांतले चित्रीकरण त्यावर बोलत होते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचे सांगितले. पण ज्याने शक्य ते सारे केले आणि तरीही ताबेदाराने दिले नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी दोषी धरता येणार नाही, हेही मान्य केले. उशिरा येणाऱ्या प्रत्येक सरकारी नकलेला हेच तत्त्व लागू व्हायला हवे. प्रमाणित नक्कल खोटी बनवणे कठीण असते आणि मूळ नोंद कार्यालयात तपासता येते. घरच्या कपाटातून अचानक निघालेल्या साध्या चिठ्ठीचे तसे नसते.

याला पहिला आक्षेप वाणिज्य न्यायालयांचा दाखला देऊन घेतला जातो. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने कागदांबाबत कडक वेळापत्रक घातले, मग तेच सगळीकडे का नको? पण त्या कायद्यात कडकपणाला जोड आहे ती व्यापक प्रकटनाची: आपल्या ताब्यातला, आपल्याला प्रतिकूल असलेला कागदही पक्षकाराला उघड करावा लागतो. शिवाय २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथेही फरक केला, की दाव्याच्या वेळी हाती असलेला कागद आणि हाती नसलेला कागद यांना एकच माप लावता येत नाही. सामान्य दाव्यात प्रतिकूल कागद उघड करण्याची तशी सक्ती नाही. ती न आणता नुसते वेळापत्रक उचलले, तर फायदा होईल तो दप्तर सांभाळणाऱ्या कंपनीला, आणि फटका बसेल नकलेसाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक अर्जावर ताबा, कारण आणि नुकसान तपासत बसले तर तुंबलेली न्यायालये आणखी तुंबतील. शिवाय कागद आत घेतल्यावर मागून मुद्रांकाचा वाद येतो, अपुरा मुद्रांक असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे शुल्क आणि दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात वाचता येत नाही. मग साक्षीदार पुन्हा बोलावणे आले. हे खरे आहे. तरीही कारणे नसलेला आदेश वेळ वाचवत नाही. तो उच्च न्यायालयात आव्हानित होतो आणि पुन्हा फेरविचाराला परत येतो. दोन ओळी वाचवण्यात दोन वर्षे जातात. कागद दाखल करून घेणे म्हणजे तो सिद्ध मानणे नव्हे, हेही इथे लक्षात ठेवायला हवे. परवानगीच्या टप्प्यावर खरेखोटेपणाची पूर्ण चौकशी लागत नाही, तीन-चार प्रश्नांची लेखी उत्तरे पुरतात.

अचानक वार करण्याची भीती हा तिसरा मुद्दा. संहिताच एक फट ठेवते: साक्षीदाराच्या उलटतपासणीसाठी आणलेला कागद आधी दाखल करण्याची गरज नाही. वादी किंवा प्रतिवादी स्वतः साक्षीला उभा राहिला तर ही सवलत लागू होते का, यावर मुंबई उच्च न्यायालयात परस्परविरोधी मते होती. नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ठरवले की पक्षकार-साक्षीदार आणि इतर साक्षीदार यांत असा भेद नाही. मला हा निकाल पटतो. खोटे बोलणाऱ्याला कागद आधी दाखवला तर तो उत्तर तयार करून येतो. पण ही सवलत उलटतपासणीपुरतीच राहायला हवी. आपली मूळ बाजू उभारणारा कागद या फटीतून आत सरकवायचा प्रयत्न झाला, तर तिथे परवानगीची पूर्ण कसोटी लागली पाहिजे.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तिथेच आजची व्यवस्था सर्वांत दुबळी आहे. खोट्या दाव्यासाठीच्या भरपाईची कलम ३५अ मधली मर्यादा तीन हजार रुपयांवर अडकून आहे. वाणिज्य वादांपुरती ती २०१५ साली हटली, इतर दाव्यांत तशीच. कलम ३५ब मात्र कामाचे आहे. दिरंगाईचा खर्च बसवला तर तो पुढच्या तारखेला भरल्याशिवाय संबंधित पक्षाला आपला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. उशिरा कागदाच्या अर्जावर हे कलम रोज वापरात यायला हवे. ताब्यातला कागद मागे ठेवणाऱ्याने समोरच्याच्या पुन्हा साक्षीचा, वकिलाचा आणि वाया गेलेल्या तारखांचा खरा खर्च द्यावा. अभिलेख कक्षाने वर्षभर नक्कल न दिलेल्या माणसाकडून एक रुपयाही घेऊ नये. आणि आदेश १३ मधून २००२ साली निघून गेलेली कारणे लिहिण्याची सक्ती संसदेने परत आणावी. तोवर मुद्दे निश्चित करतानाच न्यायाधीशाने दोन्ही बाजूंना विचारून रोजनाम्यात नोंदवावे की अजून कोणता कागद यायचा आहे, तो कोणत्या कार्यालयात आहे आणि नकलेचा अर्ज कोणत्या तारखेला दिला. त्यासाठी कायद्यात एका अक्षराचाही बदल लागत नाही.