कमी दिवसांचं बाळ : लेखांक ४ – एका पेटीत किती बाळं?

गेल्या आठवड्यात कमी दिवसांच्या बाळाच्या श्वासाबद्दल वाचलंत. आज त्याला रुग्णालयातच लागणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दल.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावर सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ तगवायचं, तर नाशिक गाठावं लागतं. त्र्यंबकहून रस्ता तीसेक किलोमीटरचा. ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ असं कळलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण ऑगस्ट २०१७मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात ५५ बाळं दगावली. त्यांतली बरीच अपुऱ्या दिवसांची, खासगी दवाखान्यांतून उशिरा आलेली होती, असं रुग्णालयाने सांगितलं. ते खरंही असेल. मात्र पेट्या १८ आणि एकेकीत तीन-चार बाळं, हेही तेव्हाच्या बातम्यांत आलं. मला अजून अस्वस्थ करतं ते हे.

रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईकडून बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यातलं बाळ ही शिदोरी न घेताच येतं. कातडी इतकी नाजूक, की सलाइनची चिकटपट्टी काढताना सालपट निघावं. त्यात शिरेत सुई, पोटात नळी, श्वासाची नळी. क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर असले जंतू बेसिनच्या ओलीत, ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यात तग धरतात आणि बाळापर्यंत पोचतात ते बहुतेक हातांवरून. सिस्टर एकाचं दुपटं बदलते, लगेच दुसऱ्याची नळी नीट करते, तोवर तिसरं निळं पडू लागलेलं असतं. दर वेळी हात धुवायचे कधी? तिला बोल लावू नये. सिस्टर वाढवाव्यात, पेट्या वाढवाव्यात.

औषधांवर भिस्त ठेवण्याचे दिवस सरले. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजातांची पाहणी झाली. संसर्ग झालेल्या बाळांत सापडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी वेगळी वाट धरली. वरच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला, आयांना कक्षात घेतलं आणि १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू पाव हिश्श्याने घटले, जंतुसंसर्गही कमी झाला, असं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. बाळ आईपाशी असलं की त्याला हाताळणारे परके हातही कमी होतात.

म्हणून त्र्यंबकहून बाळ हलवायचं, तर आईलाही त्याच गाडीत घ्यायला हवं. बाळ बापाबरोबर पुढे आणि टाके पडलेली आई मागे, असं झालं की दूध आटू लागतं. सोबत जाणाऱ्या आजीने किंवा मावशीने कक्षाच्या दारातच विचारावं : आईला आत कधी घेणार, आणि तोवर तिचं दूध काढून कुणाकडे द्यायचं?