तुरीच्या मुळांचे काम

तुरीचे रोप पहिला महिना-दीड महिना वर फारसे वाढत नाही. शेजारच्या ओळीतले सोयाबीन भराभर पसरते आणि तूर तशीच बारकी दिसते. आपल्याला वाटते, पीक बसले. खरे तर या काळात रोपाची कमाई जमिनीखाली खर्च होत असते.

सुरुवात बियापासून करू. ओल मिळाली की बी फुगते आणि आधी बाहेर येतो तो मूलांकुर, म्हणजे मुळाचा कोंब. बी उलटे पडले तरी तो खालीच वळतो. त्याच्या टोकावर मूलटोपी असते, नाजूक टोकाचे संरक्षण करणारे पेशींचे आवरण. तिच्यातले स्टार्चचे जड कण खालच्या बाजूला बसतात, त्यावरून मुळाला दिशा कळते. मातीत घासून टोपी झिजते, आतून नवी तयार होत राहते.

मूलांकुराचे पुढे सोटमूळ होते, म्हणजे सरळ खाली जाणारे एक मुख्य मूळ. ज्वारीला असे नसते. तिला बुडातून फुटलेल्या तंतुमुळांचा झुबका असतो. खोल काळ्या जमिनीत तुरीचे मूळ दीड-दोन मीटरही उतरते. पाऊस गेल्यावर दिवाळीनंतरही तूर फुलते-भरते, ती या खालच्या ओलीवर.

पाणी शोषण्याचे बरेचसे काम मात्र जाड मूळ करत नाही. टोकाच्या जरा मागे मूलरोम असतात, मुळाच्या पेशींनाच फुटलेली अतिसूक्ष्म लव. ते थोडेच दिवस जगतात. हॉवर्ड डिट्मर या अमेरिकी संशोधकाने १९३७ मध्ये राय या तृणधान्याच्या एकाच रोपाची मुळे मोजली. मूलरोम सोडूनच त्यांची एकूण लांबी ६०० किलोमीटरहून जास्त भरली.

म्हणूनच रोप उपटून दुसरीकडे लावले की ते माना टाकते. मुळे शाबूत दिसतात, पण लव मातीतच तुटून राहिलेली असते. पिशवीतले तुरीचे रोप लावायचे असेल तर मातीचा गोळा फोडू नये आणि संध्याकाळची वेळ धरावी.

मूलरोमांतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येते. पानांतून वाफ होऊन पाणी उडते, त्या ओढीने ते बारीक नळ्यांतून शेंड्यापर्यंत चढते. खत अगदी मुळाशी ओतले तर मातीतले पाणीच जास्त खारट होते आणि ओढ उलटी लागते. खताने पीक करपते ते असे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो पुढच्या टप्प्यावर. मुळांनाही श्वास लागतो. माती ओलसर असावी आणि तिच्या पोकळ्यांत हवाही असावी, हा झाला वाफसा. श्रावणात पाणी तुंबले की हवा संपते, मुळे गुदमरतात आणि पाणी शोषणे थांबवतात. मग पाण्यात उभी असलेली तूर कोमेजते. अशा वेळी चर काढून पाणी बाहेर सोडावे. शक्य असेल तर पेरणीच सरी-वरंब्यावर करावी. कोमेजलेल्या झाडाचे खोड उभे चिरूनही पाहावे. आत तपकिरी-काळ्या रेषा असतील तर तो बहुधा मर रोग, बुरशीचा.

निरोगी रोप मात्र खुरप्याने अलगद मातीसकट काढावे. मुळांवर गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन, म्हणजेच नत्र, पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर बंद पडले आहे.

तूर बारकी दिसते म्हणून युरिया फेकला तर आयता नत्र मिळाल्याने गाठी कमी धरतात. त्यापेक्षा पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम चोळावे. बुरशीनाशकही लावायचे असेल तर ते आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी. आणि बी सावलीतच सुकवावे, कारण उन्हात जिवाणू मरतात.

काढणीला तूर उपटण्याऐवजी विळ्याने कापावी. मुळे जागीच कुजतात, नत्र जमिनीत राहतो, आणि सोटमुळांच्या रिकाम्या वाटांनी पुढच्या वर्षीचे पावसाचे पाणी खोल मुरते.