करवंटीचा ढालकिडा

मालवण किनाऱ्यावर घरोघरच्या करवंट्या जळणात जातात. त्यातली एक या सुट्टीत पोरांच्या हाती द्या. पालथी घालून तांबडी रंगवावी, काळे ठिपके द्यावेत, झावळीच्या हिराचे सहा तुकडे पाय म्हणून डिंकाने चिकटवावेत. झाला ढालकिडा! पाय सहाच हवेत. आठ झाले की तो कोळी, कीटक नव्हे.

हा नुसता पोरखेळ नाही. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डिफा, मायक्रोमस हे मित्रकीटकच कामी आले. ढालकिडाही मावा खातो. पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून पोरांना विज्ञान शिकविले. आपण शेती शिकवू.

आमचे सांगणे इतकेच : किडा ओळखणारे पोर उद्या फडात शिरले, तर फवारणीआधी तेच म्हणेल, "बाबा, थांबा, हा आपला आहे!"