वॉरन, जोसेफ

(११ जून १७४१–१७ जून १७७५). अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याच्या आरंभकाळातील एक क्रांतिकारक पुढारी व बॉस्टनमधील नामांकित वैद्य. जन्म बॉस्टननजीक रॉक्सबरी (मॅसॅचूसेट्स) येथे शेतकरी कुटुंबात. १७५५ मध्ये बागेत सफरचंदे काढीत असता शिडीवरून पडून त्याचे वडील मृत्यू पावले. हार्व्हर्ड महाविद्यालयातून तो १७५९ मध्ये पदवीधर झाला. काही काळ अध्यापन करून त्याने बॉस्टनमधील जेम्स लॉइड या वैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली. वसाहतींत तेव्हा एकही वैद्यक महाविद्यालय नव्हते. पहिले १७६५ मध्ये फिलाडेल्फियात निघाले. पुढे लॉइड राजनिष्ठ राहिला आणि शिष्य बंडखोरांचा नेता झाला.

१७६४ मधील देवीच्या साथीत वॉरनने बंदरातील कॅसल विल्यम या किल्ल्यावर अनेकांना देवी टोचल्या. जेनरची गोस्तन-देवीची लस निघण्यास अजून तीन दशके अवकाश होता. रुग्णाच्या फोडांतील द्रव्य निरोगी माणसास टोचण्याची ही जुनी पद्धत धोक्याची होती. या कामाने त्याचा लौकिक वाढला. जॉन ॲडम्सच्या कुटुंबाचा तो वैद्य होता. श्रीमंत व्यापाऱ्यांपासून कारागिरांपर्यंत सर्वांच्या घरांत त्याला प्रवेश होता आणि राजकारणातील त्याचे वजन बऱ्याच अंशी यातूनच निर्माण झाले. १७७० मध्ये दंगलीत गोळी लागून मेलेल्या क्रिस्टोफर साइडर या मुलाची शवचिकित्सा त्यानेच केली. बॉस्टन हत्याकांडाचा अहवाल सिद्ध करणाऱ्या समितीतही तो होता.

तत्पूर्वी, १७६८ मध्ये, गव्हर्नर बर्नार्डवर त्याने टोपणनावाने केलेल्या जहाल टीकेबद्दल मुद्रकांवर खटला भरण्याचा प्रयत्न झाला. परंतु ज्यूरीने तो मान्य केला नाही. सप्टेंबर १७७४ मधील ‘सफक ठराव’ हे वॉरनचे सर्वांत महत्त्वाचे राजकीय कार्य होय. ब्रिटिश पार्लमेंटचे दंडात्मक कायदे पाळू नयेत, शासनाकडे कर भरू नयेत, नागरी सेनेस शिक्षण द्यावे व ब्रिटनशी व्यापार बंद करावा, असा त्यांचा आशय होता. पॉल रिव्हिअरने ते घोड्यावरून फिलाडेल्फियास नेले आणि काँटिनेंटल काँग्रेसने १७ सप्टेंबर रोजी त्यांस पाठिंबा दिला. एका परगण्याची भूमिका अशा रीतीने सर्व वसाहतींची झाली.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री लेक्सिंग्टनला धोक्याची सूचना देण्यास रिव्हिअर व विल्यम डॉझ यांना वॉरननेच पाठविले. पुढे तो मॅसॅचूसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्ष झाला व १४ जून रोजी मेजर जनरल म्हणून निवडला गेला. तीनच दिवसांनी झालेल्या बंकर हिलच्या लढाईत (प्रत्यक्षात ही मुख्यतः ब्रीड्स हिलवर झाली) तो सामान्य स्वयंसैनिक म्हणून उतरला. प्रेस्कटने देऊ केलेले नेतृत्व त्याने नाकारले. शासनाच्या प्रमुखाने अशा रीतीने आघाडीच्या मोर्चात शिरणे दूरदृष्टीचे नव्हते. दारूगोळा संपल्यावर तिसऱ्या हल्ल्यात डोक्यास गोळी लागून तो ठार झाला. एक हजारावर ब्रिटिश सैनिक या लढाईत मृत वा जखमी झाले.

ब्रिटिशांनी त्याला रणभूमीवरच पुरले. मार्च १७७६ मध्ये त्यांनी बॉस्टन सोडल्यावर प्रेत उकरण्यात आले. रिव्हिअरने स्वतः तारेने बसविलेल्या कृत्रिम दातावरून ते ओळखले. वॉरनची पत्नी १७७३ मध्येच वारली होती. त्याच्या चार पोरक्या मुलांना बेनेडिक्ट आर्नल्डनेही आर्थिक साहाय्य केले. त्याच्याच हाताखाली शिकलेला धाकटा भाऊ जॉन याने १७८२ मध्ये हार्व्हर्डच्या वैद्यक विद्यालयाची स्थापना करण्यात पुढाकार घेतला.