प्रोजेक्ट नेटवरून उचलला तर काय होतं?

परीक्षेत चिठ्ठी सापडली की ती कॉपी, हे किन्हवली-मुरबाडकडे घराघरात माहीत आहे. पण नेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टला चोरी म्हणायला आपली मुलं सहसा तयार नसतात. ‘सगळेच करतात’ हे उत्तर ठरलेलं.

यूजीसीने 2018 साली याबाबत नियम केले. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही. 40 पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचा, 60 पर्यंत असेल तर वर्षभर थांबायचं, त्यापुढे नोंदणीच रद्द. मूळ लेखकाचं नाव देऊन घेतलेला मजकूर यात मोजत नाहीत. कॉलेजातले साधे प्रोजेक्ट आणि असाइनमेंट मात्र या नियमातून वगळले आहेत. गोची इथेच होते. तीन वर्षं उचलेगिरी अंगवळणी पडते आणि पुढे पीएचडीला सॉफ्टवेअर पकडतं.

खरं तर आपल्याला हे नवीन नाही. हदीससोबत कोणी कोणाकडून ऐकलं याची सनद लागते. मधला रावी गळाला तर रिवायत कमजोर ठरते. तळटीप म्हणजे जवळपास तेच काम. जसाच्या तसा उतारा अवतरणचिन्हांत घ्यायचा. लेखक, पुस्तक, साल, पान लिहायचं. चार शब्द बदलले तरी नाव द्यावंच लागतं. पुस्तकाचा तपशील सापडत नसेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा.