गाडीच्या शेडला दार कोणते?

पूर्वी घरापुढे बैलजोडी असे. गोठ्याला दोन आडवी लाकडे घातली की काम भागे. रात्री कुणी परका आला तर बैल उठून उभे राहत, हंबरत, आणि धनी जागा होई.

आता दिवस पालटले. कुणाच्या दारी ट्रॅक्टर आहे, कुणाच्या दारी टेम्पो, आणि मोटारसायकल तर घरोघरी आहे. पण ट्रॅक्टर हंबरत नाही. त्याची बॅटरी काढून नेली, टाकीतले डिझेल उपसून नेले, तरी तो मुकाट उभा राहतो. म्हणून शेड बांधावी लागते आणि शेडला दार लावावे लागते.

दार लावणे म्हणजे काय मोठे काम, असे आम्हांलाही वाटले होते. जन्मभर शाळेत मुलांना लांबी, रुंदी, उंची शिकवली. पण स्वतःच्या शेडचे दार करताना आम्हीच चुकलो. ती चूक आधी सांगतो.

आमची चूक

आमच्या मुलाने ट्रॅक्टर घेतला. आम्ही टेप घेऊन त्याची उंची मोजली. धुराच्या नळीच्या टोकापर्यंत साडेसहा फूट भरली. शेडच्या भिंतीत दारासाठी आठ फूट उंचीची जागा सोडली होती. आम्ही म्हटले, दीड फूट मोकळे राहते आहे, पुष्कळ झाले. बाजारपेठेतल्या दुकानांना असते तसे लोखंडी शटर बसवून घेतले.

दोन गोष्टी आम्ही ध्यानात घेतल्या नाहीत. शटर वर गेले की त्याची गुंडाळी होते. ती गुंडाळी आमच्या दारात तुळईच्या खालीच बसवली होती. तिने वरचा एक फूट खाल्ला. आठाचे सात राहिले. पुढे उन्हाळ्यात मुलाने ट्रॅक्टरवर छत बसवले. त्याने उंची सव्वासात फूट झाली. संध्याकाळी ट्रॅक्टर आत घ्यायला गेलो, तर छत शटरला अडले. तीन इंचांनी घात केला! तो सारा पावसाळा ट्रॅक्टर बाहेर भिजला आणि शेडमध्ये कोंबड्या राहिल्या.

पुण्याचा शनिवारवाडा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली त्याचे काम सुरू केले आणि १७३२ साली वास्तुशांत केली. त्याच्या दिल्ली दरवाज्यातून अंबारीसकट हत्ती जाईल एवढी त्याची उंची आहे. म्हणजे जुन्या माणसांनी हत्ती मोजला तो अंबारीसकट मोजला. आम्ही मात्र ट्रॅक्टर छताशिवाय मोजला.

आधी मोजा

दार कोणते, हे ठरवण्याआधी या गोष्टी मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, गाडीची उंची. छत, धुराची नळी, वर बांधायचे ओझे, सगळे धरून मोजा.

दुसरी गोष्ट, गाडीची रुंदी. ट्रॅक्टरला मागे रोटाव्हेटर किंवा पेरणीयंत्र जोडलेले असते. पुष्कळदा ते चाकांपेक्षा रुंद असते. जे सर्वांत रुंद असेल ते मोजा. दोन्ही बाजूंना फूट-फूट मोकळी जागा धरा. अंधारात, दमलेल्या माणसाला गाडी आत घालायची असते, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट, दारापुढची जागा. दार उघडल्यावर ते कुठे जाणार? पुढे रस्ता आहे का, शेजाऱ्याची भिंत आहे का, जमीन चढती आहे का, हे पाहा.

चौथी गोष्ट आमच्या मंडळींनी शिकवली. आमची चूक झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही भिंत मोजली, गाडी मोजली. पण दार उघडणार कोण? मुलगा दिवसभर शेतात असतो. घरी मी आणि सूनबाई. आमच्या हाताला ते झेपेल का, हे विचारलंत का?”

खरे आहे. दार जो रोज उघडणार, त्याला ते झेपले पाहिजे.

दारांचे चार प्रकार

दोन झडपांचे दार. हे आपल्या ओळखीचे. चौकटीला बिजागऱ्या, दोन्हीकडे दोन झडपा. गावचा वेल्डर हे करू शकतो आणि बिघडले तर गावातच दुरुस्त होते. उंची कुठे कमी होत नाही. पण दारापुढे झडप फिरायला जागा लागते. दहा फूट रुंद दाराची एक झडप पाच फुटांची होते, तेव्हा पुढे पाच फूट तरी मोकळे हवेत. जमीन पुढे चढती असेल, तर झडप मध्येच जमिनीला टेकते.

या दाराचा मोठा दोष म्हणजे झडप लोंबते. असे का होते? पाण्याने भरलेली बादली छातीजवळ धरा. धरवते. तीच हात लांब करून धरा. हात खाली येऊ लागतो. रुंद झडप म्हणजे लांब केलेला हात. म्हणून मोठ्या झडपेला दोन नव्हे, तीन बिजागऱ्या घ्याव्यात. लाकडी झडपेला तिरकी पट्टी ठोकायची असेल, तर ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून समोरच्या वरच्या कोपऱ्यात जावी. मग झडपेचा भार त्या पट्टीवरून खालच्या बिजागरीकडे येतो. पट्टी उलटी ठोकली तर तिचा तसा टेका मिळत नाही.

वारा सुटला की उघडी झडप जोरात आपटते. बोटे सापडतात, गाडीला मार लागतो. उघडी झडप अडकवून ठेवायला भिंतीत आकडा हवाच.

सरकते दार. हे रुळावर, चाकांवर बाजूला सरकते. पुढे जागा लागत नाही, म्हणून रस्त्याला लागून असलेल्या घराला बरे. पण दार जेवढे रुंद, तेवढी भिंत बाजूला मोकळी हवी. रूळ जमिनीत असेल तर त्यात माती, शेण, पाचोळा बसतो आणि दार हलत नाही. पावसाळ्यात रूळ रोज झाडावा लागतो.

लोखंडी शटर. पुढे जागा नको, बाजूला जागा नको, आणि कुलपालाही चांगले. पण वर गुंडाळीसाठी उंची लागते, ते आम्ही भोगले. भिंत उंच असेल तर गुंडाळी तुळईच्या वर, आतल्या अंगाला बसवता येते. मग दाराची उंची शाबूत राहते. गुंडाळीच्या आत स्प्रिंगा असतात. खाली येताना त्या पिळतात आणि वर नेताना हाताला जोर देतात. साधारण ८५ ते ९० चौरस फुटांपर्यंतचे शटर हाताने ढकलता येते. त्याहून मोठे असेल तर साखळी किंवा दांडा फिरवायचे यंत्र लागते. विजेवर चालणारे शटर घ्यायचे तर वीज गेल्यावर हाताने उघडायची सोय आहे ना, ते आधी विचारा. स्प्रिंग तुटली की शटर धाडकन खाली येते. स्प्रिंग घरी खोलू नका. त्या कामाला जाणता माणूसच हवा.

चॅनल गेट. हे पट्ट्यापट्ट्यांचे, भात्यासारखे मिटणारे दार. आतले दिसते आणि हवा खेळते. पण पाऊस, धूळ आणि साप यांना ते अडवत नाही. मोटारसायकलीला चालेल. जिथे धान्याची पोती किंवा खताच्या गोण्या ठेवायच्या, तिथे नको.

कोकणात, समुद्राकाठी, खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते. तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घ्यावा, किंवा चांगले लाकूड घ्यावे.

जिवाला जपा

दाराने चोर अडवावा. घरच्याच माणसाचा जीव घेऊ नये.

आमच्या गावात एका घरी सरकते दार होते. रुळाच्या शेवटी अडथळा बसवायचा राहून गेला होता. मुले त्या दाराला लोंबकळून इकडून तिकडे जात. एके दिवशी दार रुळाच्या पुढे गेले आणि आडवे झाले. खाली आठ वर्षांचा पोरगा होता. शेजारी भुशाची पोती रचलेली होती. दार त्यांच्यावर अडकले, म्हणून पोराच्या पायावर निभावले. पोती नसती तर काय झाले असते, ते बोलवत नाही.

हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच दाराला १८ गेजचा पत्रा लावला, तर नुसत्या पत्र्याचे वजन ७० किलोच्या आसपास होते. लोखंडी चौकट धरली की ते क्विंटलभराच्या वर जाते. एवढे ओझे पडले तर मोठा माणूसही दगावू शकतो, मग मुलाची काय कथा? म्हणून सरकत्या दाराला रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के अडथळे हवेत. वरच्या बाजूला, दार आडवे होऊ नये असा धरही हवा. आणि मुलांना दाराशी खेळू द्यायचे नाही.

दुसरे भय डोळ्यांना दिसत नाही. ते इंजिनच्या धुराचे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू राहिले की तो साठतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. मग माणूस बेशुद्ध होतो आणि दगावतो. थंडीत दार लावून इंजिन गरम करत बसणे, बंद शेडमध्ये जनरेटर चालवणे, ही कामे कधीही करू नयेत. आधी दार सताड उघडा, मग इंजिन चालू करा आणि लगेच गाडी बाहेर काढा. कुणी आत बेशुद्ध दिसला, तर दारे उघडून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणा आणि १०८ नंबरला फोन करा.

भिंतीत खाली आणि वर जाळीचे झरोके ठेवा. मात्र झरोके आहेत म्हणून आत इंजिन चालवत बसायचे, असे नव्हे.

व्यवहार कागदावर

आता वेल्डरकडे जायचे. तिथे दोन तऱ्हांनी भाव ठरतो. किलोवर ठरवला तर दार जड करण्याचा मोह होतो. चौरस फुटावर ठरवला तर पत्रा पातळ वापरण्याचा मोह होतो. कारागीर भला असला तरी बोली पक्की असावी.

पत्र्याच्या जाडीला गेज म्हणतात. इथे पुष्कळ जण फसतात. गेजचा आकडा मोठा, तर पत्रा पातळ! १८ गेजचा पत्रा सुमारे सव्वा मिलिमीटर जाड असतो. २० गेजचा एक मिलिमीटरही भरत नाही. “१८ नाही, चांगला २२ लावतो,” असे कुणी म्हटले तर खूश होऊ नका.

कागदावर एवढे लिहून घ्या: दाराची लांबी-रुंदी, पत्र्याचा गेज, चौकटीच्या लोखंडाचे माप, बिजागऱ्या किती, गंज न चढणारा रंग आतून-बाहेरून किती हात, एकूण रक्कम, आगाऊ दिलेले पैसे, आणि काम पुरे करण्याची तारीख. मग तो कागद स्वतः वाचा. समजला नाही तर पुन्हा वाचा. मगच सही करा. आता आपल्याला वाचता येते. अंगठ्याचे दिवस गेले. ते शिकणे अशा वेळीच कामी येते.

आम्ही शेवटी काय केले?

आम्ही शटर काढून विकले. त्यात पैसा गेला, तो गेलाच. आमच्या शेडपुढे मोकळे अंगण आहे, म्हणून दोन झडपांचे दार केले. एका झडपेत माणूस जाईल एवढे लहान दार ठेवले. वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात असते ना, दिंडी, तशी. आता फावडे-कुदळ काढायला मोठे दार उघडावे लागत नाही. दाराखाली बोटभरच फट ठेवली आणि तिथे रबराची पट्टी लावली, म्हणजे साप-उंदीर आत येत नाहीत. आमच्या मंडळी एका हाताने झडप उघडतात.

पण म्हणून तुम्हीही असेच दार करावे, असे आमचे म्हणणे नाही. तुमची गाडी वेगळी, तुमचे अंगण वेगळे. शेजाऱ्याचे दार बघून आपले दार करू नये. आपली गाडी, आपली जागा आणि आपली माणसे बघून करावे.

ध्यानात ठेवा

१. गाडी छतासकट आणि अवजारासकट मोजा.
२. दार उघडल्यावर कुठे जाणार, ते आधी पाहा.
३. रोज दार उघडणाऱ्या माणसाला विचारा.
४. सरकत्या दाराला दोन्ही टोकांना अडथळा हवाच.
५. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.
६. गेजचा आकडा मोठा, तर पत्रा पातळ.
७. बोली कागदावर लिहा, वाचा, मग सही करा.