पंढरपूरचा वाडा : दगड, चुना, लाकूड आणि पांढरी माती

पंढरपुरातील जुना वाडा काळा दगड, चुना, लाकूड आणि माती या चार जिनसांवर उभा आहे. सागवान बाहेरून आणावे लागे. बाकीचे सारे भीमेच्या खोऱ्यातच मिळे. महाद्वार घाटाजवळ अहिल्याबाई होळकरांनी 18व्या शतकात बांधलेला वाडा आणि बायजाबाई शिंदे यांनी 19व्या शतकात बांधलेले द्वारकाधीश मंदिर ही या बांधकामाची सर्वांत भव्य रूपे होत. गावातील मठ, बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वाडे आणि तालुक्यातील शेतकऱ्यांची माळवदाची घरे ही त्याच पद्धतीची साधी रूपे.

बांधकामाची सुरुवात पायापासून. या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर टेकवलेली भिंत तडकते. म्हणून पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणतात. त्यावर घडीव दगडाचे जोते येते. चंद्रभागेच्या, म्हणजे भीमेच्या, काठी पुराचे पाणी घाट चढून येते, म्हणून नदीकडील इमारतींची जोती उंच असतात आणि भिंती चुन्यात बांधलेल्या असतात.

भिंतीची जाडी साधारण दोन ते तीन फूट. बाहेरून चिरे, आतून साधा दगड आणि मध्ये लहान दगडांची भर, अशी तिची रचना असते. दोन्ही अंगे एकमेकांना धरून राहावीत म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने घालावे लागतात. वरच्या मजल्याला वजन कमी हवे, तेथे पक्क्या विटा किंवा पांढरी माती वापरतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, तरी ही जाड भिंत दुपारची उष्णता सहजासहजी आत येऊ देत नाही.

दगडांना बांधून ठेवतो तो चुना. ओढ्याकाठी आणि शेतात सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजतात. भाजलेल्या चुनखडीवर पाणी घातले की ती उकळते, फुटते आणि तिची भुकटी होते. हा विरवलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळतात. घाणी म्हणजे दगडी बांधणीचा गोल चर. त्यातून बैल जड दगडी चाक फिरवतो. मिश्रण लोण्यासारखे एकजीव होईपर्यंत ही मळणी चालते. गिलाव्याच्या चुन्यात गूळ, हिरडा किंवा बेलफळाचे पाणी आणि तागाचे तंतू घालण्याची रीत होती. पाण्याजवळच्या कामासाठी चुन्यात विटांचा चुरा म्हणजे सुरखी मिसळत. अशा मिश्रणातला चुना ओलाव्यातही घट्ट होत जातो.

वाड्याचा सांगाडा लाकडाचा. दोन खांबांमधील जागा म्हणजे खण, आणि घर किती मोठे हे खणांवरून सांगतात. खांब जमिनीत न पुरता दगडी उथळ्यावर उभा करतात, म्हणजे ओल आणि वाळवी त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही. खांबाच्या टोकाचे कुसू तुळईच्या खोबणीत बसते. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट येतात. श्रीमंताच्या वाड्यात सागवान असे, खेड्यात लिंब आणि बाभूळ. चौकाभोवतीचे सोपे आणि ओसऱ्या याच सांगाड्यावर उभ्या असतात. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांचे फड आणि दिंड्या मठांत व वाड्यांत उतरतात, तेव्हा भिंतींऐवजी खांबांवर पेललेल्या या मोकळ्या जागा कामी येतात.

माळवद हे या घराचे छत. पाटांवर किंवा काटक्यांवर पाल्याचा थर, त्यावर चिखल आणि शेवटी गावठाणातील पांढरी माती पसरून धुम्मस करतात. ही माती पाणी लवकर आत घेत नाही. माथ्याला किंचित उतार देऊन पाणी पन्हाळ्यांतून बाहेर काढतात. दर वर्षी मृगाआधी माळवदावरचे गवत उपटून, भेगा बुजवून नवी माती टाकावी लागते. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, म्हणूनच हे छत येथे टिकले. कोकणात ते एक पावसाळाही काढणार नाही.

मात्र दरवर्षी पडणाऱ्या मातीने छताचे वजन वाढत जाते, आणि हा या पद्धतीचा मोठा दोष आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या भिंती कोसळल्या आणि जड माळवदे माणसांवर पडली. आरपार दगडांची बांधणी नसलेल्या भिंतींना त्या धक्क्यात तग धरता आला नाही. खांब-तुळयांच्या सांगाड्याने मात्र अनेक ठिकाणी छत तोलून धरले.

पंढरपुरात 2024 साली विठ्ठल मंदिराच्या संवर्धनात नंतर बसवलेल्या फरशा आणि लेप काढून मूळ काळा दगड मोकळा करण्यात आला. वाड्यांनाही हीच दृष्टी हवी. चुन्या-मातीची भिंत ओल आत घेते आणि उन्हात बाहेर टाकते. सिमेंटचा गिलावा ती ओल आत कोंडतो, मग भिंत आतून भुसभुशीत होते आणि लाकूड कुजते. म्हणून जुन्या वाड्याची डागडुजी चुन्यानेच करावी, लाकूड उथळ्यावरच ठेवावे आणि माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी काढून टाकावी. एवढे केले तर हे वाडे आणखी कित्येक पिढ्या उभे राहतील.